रकाना तपशिलाचा

बँकेच्या पासबुकात मुख्य रकाने पाच. तारीख, तपशील, नावे, जमा आणि शिल्लक. पैकी शेवटचा रकाना ग्राहक आधी वाचतो. मग सुस्कारा टाकून नावे आणि जमा वाचतो. तरीही आकडा जुळत नाही असे दिसले तर तारखा बघतो. तपशील कोणी वाचत नाही. वाचण्यासारखे तिथे काही असते अशातलाही भाग नाही म्हणा. 'बाय ट्रान्स्फर', 'टू क्लिअरिंग' अशी काहीतरी लिपी तिथे छापलेली असते. मोहेंजोदडोची लिपी आज ना उद्या कोणीतरी लावील, पण आमच्या तपशिलाच्या रकान्याला हात घालायला अजून एकही संशोधक पुढे आलेला नाही. वीसेक वर्षे मी या रकान्याच्या अलीकडे बसून आहे. पलीकडून ग्राहक विचारतो, ''अहो, हे काय कापलंय?'' मी पासबूक जवळ घेतो, चष्मा वर करतो, खाली करतो आणि शेवटी म्हणतो, ''तपशिलात लिहिलंय की.''

याचे मूळ कॉलेजात आहे. बी.कॉम.ला आम्ही रोजकीर्दीच्या नोंदी शिकलो. येणारे नावे, जाणारे जमा वगैरे. प्रत्येक नोंदीखाली कंसात एक स्पष्टीकरण लिहायचे असे. इंग्रजी माध्यमवाल्यांचे ते 'बीइंग'ने सुरू व्हायचे, 'बीइंग माल उधारीवर विकला' अशा थाटात. आमचे सर सांगायचे, नोंद चुकली तर सगळे मार्क गेले, स्पष्टीकरण राहिले तर अर्धाच जाईल. झाले! आमच्या अख्ख्या वर्गाने तो अर्धा मार्क सरकारजमा करून टाकला. आकडा बरोबर आला ना, मग तो का आला हे कंसात सांगत बसायचे कशाला? पुढे आम्हीच सगळे बँकांत लागलो. तेव्हा पासबुकाच्या त्या रकान्याबद्दल कोणाला दोष द्यायचा असेल तर त्या अर्ध्या मार्काला द्यावा.

हा अर्धा मार्क एक दिवस फिरून अंगावर येईल असे मात्र वाटले नव्हते. आणि आला तोही कुठून, तर ताईच्या स्वयंपाकघरातून.

माझी ताई डोंबिवलीला पोळीभाजी केंद्र चालवते. साठ-पासष्ट डबे रोजचे. त्यात नोकरीवाली मुले आहेत, दोघेही कामावर जाणारी जोडपी आहेत आणि मुले परदेशी गेलेली म्हातारी माणसे आहेत. महिन्याचे पैसे आगाऊ. पूर्वी हा सारा हिशेब भिंतीवरच्या कालनिर्णयात असे. कोणाचा डबा कधी बंद, कोणाचे पैसे आले, कोणाला पथ्याचे. ताईशिवाय तो कोणाला लागत नसे आणि ताईचा कधी चुकत नसे. पण घरात एक कॉम्प्युटर इंजिनिअर जन्माला आला की आईचे काही खरे नसते. भाच्याने तो हिशेब मोबाइलवर नेला. ग्राहकांना दर महिन्याला पैशाची लिंक जाऊ लागली. लोक युपीआयने पैसे भरू लागले. इथपर्यंत ठीक होते. मग एक दिवस भाचा म्हणाला, ''मामा, आईसाठी मी एक एजंट ठेवलाय.''

एजंट म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे चामडी बॅगवाला विम्याचा एजंट येतो. त्याच्या मागोमाग घराचा एजंट येतो, मग आर.टी.ओ.च्या दारातला येतो. हा चौथाच निघाला. हा चहासुद्धा घेत नाही. हा म्हणजे एक भाषेचे मॉडेल, आजकालच्या भाषेत ए.आय. ग्राहकाचा निरोप वाचतो, उत्तर देतो, पैसे आले की नोंद करतो, कोणाचे परत द्यायचे असतील तर देतो. ताईने फक्त पोळ्या लाटायच्या. जुन्या पेढीवर गुमास्ता असे तसा हा. फरक एवढाच की गुमास्त्याला दिवाळीला धोतरजोडी द्यावी लागे.

आता या गुमास्त्याची एक गंमत आहे. तो नुसता बोलू शकतो. त्याला हात नाहीत. हातांच्या ऐवजी त्याला हत्यारे द्यावी लागतात, भाच्याच्या भाषेत 'टूल्स'. प्रत्येक हत्याराला एक नाव, एक वर्णन आणि कोणकोणती माहिती भरायची त्याचा कोरा नमुना, म्हणजे आमची पैसे काढायची स्लिपच. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक नावाच्या कंपनीने असली हत्यारे जोडायची एक सर्वांसाठी खुली पद्धत जाहीर केली, मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल. तिच्यातही मुळाशी हेच आहे, नाव, वर्णन आणि नमुना. हत्याराच्या पोटात काय यंत्र आहे ते गुमास्त्याला दिसत नाही. तो बाहेरचे वर्णन वाचतो आणि ठरवतो की आत्ता हे उचलायचे की ते. म्हणजे बघा, जो रकाना आयुष्यात कोणी वाचला नाही, तेवढाच एक रकाना हा गृहस्थ वाचतो!

दुसरा शब्द 'वेबहूक'. हा २००७ सालचा, जेफ लिंडसे नावाच्या प्रोग्रॅमरने काढलेला. हूक म्हणजे आकडा. आमच्याकडे आकडा एकतर विजेच्या तारेवर टाकतात, नाहीतर मटक्यावर लावतात, आणि दोन्हीकडे शेवटी पोलीस येतात. म्हणून मी जरा बिचकलोच. पण प्रकार साधा आहे. पैसे आले की नाही हे कळायचे दोन मार्ग. एक, आपण दर पाच मिनिटांनी विचारायचे, ''आले का? आले का?'' आमचे पेन्शनर दर महिन्याच्या शेवटी करतात तसे. दुसरा, ज्याच्याकडे पैसे येतात त्याने आपणहून कळवायचे. या दुसऱ्या पद्धतीला वेबहूक म्हणतात. ज्या कंपनीमार्फत पैसे भरले जातात, तिचे कॉम्प्युटर आपल्या कॉम्प्युटरला चिठ्ठी धाडते. चिठ्ठीवर प्रकार लिहिलेला असतो. 'पेमेंट डॉट ऑथराइज्ड', 'पेमेंट डॉट कॅप्चर्ड', 'पेमेंट डॉट फेल्ड'.

''अरे, ही तर आमची क्रेडिट ॲडव्हाइस!'' मी म्हणालो. भाच्याला क्रेडिट ॲडव्हाइस माहीत नव्हती. त्यांच्यात सगळ्या गोष्टी नव्यानेच जन्माला येतात.

ॲडव्हाइसचे सगळे जुने रोग या वेबहूकलाही आहेत. ती दोनदा येते. आपल्या कॉम्प्युटरने 'पोचली' असे चटकन सांगितले नाही, की धाडणारा पुन्हा धाडतो. स्ट्राइपवाले तीन दिवसांपर्यंत धाडत राहतात, रेझरपेवाले चोवीस तास. आणि एकच चिठ्ठी दोनदा पोचू शकते हे दोघांनीही लिहून ठेवले आहे. शिवाय ती क्रमाने येईलच असे नाही. बारसे आधी आणि डोहाळजेवण मागून, असेही होते. आणि ती खोटीही असू शकते, म्हणून तिच्यावर सही असते, गणिती.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीला शाखेत एक निवृत्तीला टेकलेले हेडक्लार्क होते. ते टी.टी.च्या गोष्टी सांगत. टी.टी. म्हणजे तारेने पैसे पाठवणे. परगावच्या शाखेची तार येई, तिच्यात गुप्त आकडा असे, तो वहीशी ताडून बघायचा आणि मगच पैसे द्यायचे. दोन-चार दिवसांनी तीच तार पोस्टाने कागदावर येई, पक्की म्हणून. तिच्यावर ठळक लिहिलेले असे की ही आधीच्या तारेची पुष्टी आहे, पैसे दुसऱ्यांदा देऊ नयेत. ''ते एक वाक्य नसतं ना,'' हेडक्लार्क म्हणत, ''तर बँक केव्हाच बुडाली असती.'' देशातली तारसेवाच जुलै २०१३ मध्ये बंद झाली. ते वाक्यही तिच्याबरोबर गेले असावे, कारण भाच्यापर्यंत ते पोचलेले नव्हते.

भाच्याने लिहिलेली वर्णने मी नंतर पाहिली. पहिल्या हत्याराचे नाव 'पेमेंट', वर्णन 'पेमेंट हाताळते'. दुसऱ्याचे नाव 'रिफंड', वर्णन 'रिफंड करते'. तिसरे 'डबा_स्थिती', वर्णन 'स्थिती बदलते'. वाचून मला भरून आले. पोराने कॉमर्स केले नव्हते तरी रक्तात होते.

आता झाले काय ते सांगतो.

पहिल्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाने दोन दिवस डबा नको म्हणून कळवले. १४० रुपये परत द्यायचे होते. गुमास्त्याने 'रिफंड' उचलले, रकमेच्या जागी १४० भरले आणि काम फत्ते म्हणून कळवले. गिऱ्हाइकाला मिळाले एक रुपया चाळीस पैसे. कारण या व्यवहारात रक्कम पैशांत भरायची असते, १४० रुपयांसाठी १४०००. पण नमुन्यावर नुसते 'रक्कम' लिहिलेले. रुपयांत की पैशांत, कोण सांगणार? हा घोळ जगभर आहे. जपानी येनला पैसेच नाहीत, तिथे ५०० म्हणजे ५००. कुवेती दिनाराचे तर हजार फिल्स होतात. गिऱ्हाईक डोंबिवलीचे असल्यामुळे त्याने रागावण्याऐवजी विचारणा केली की चाळीस पैसे नाण्यांत हवे असल्यास कसे मिळतील, कारण पंचवीस पैशांपर्यंतची नाणी ३० जून २०११ पासून बाद आहेत. ताईने त्याला एक दिवस गुळपोळी पाठवून मिटवले.

दुसरी गोष्ट गुळपोळीने मिटणारी नव्हती.

ताईकडे एक निवृत्त मास्तर डबा घेतात. एकटे राहतात. वय ऐंशीच्या पुढे, जिना चढवत नाही, स्वयंपाक जमत नाही. महिन्याच्या एक तारखेला, सकाळी नऊच्या ठोक्याला पैसे भरणार. त्या एक तारखेलाही भरले. मधे कुठेतरी व्यवहार अडकला. नऊ वाजून दहा मिनिटांनी चिठ्ठी आली, 'फेल्ड'. गुमास्त्याने वाचले की पैसे आलेले नाहीत. हाताशी हत्यार होते, 'स्थिती बदलते'. त्याने बदलली. मास्तरांना निरोप गेला, 'आपला डबा बंद करण्यात आला आहे.' नऊ वाजून सोळा मिनिटांनी दुसरी चिठ्ठी आली, त्याच व्यवहाराची, 'कॅप्चर्ड'. म्हणजे पैसे पोचले होते, उशिरा. असे होते कधीकधी. गुमास्त्याने इमानेइतबारे नोंद केली आणि मास्तरांना दुसरा निरोप धाडला, 'आपले पैसे मिळाले. धन्यवाद.' पैशांची नोंद केली म्हणून बंद केलेला डबा सुरू होत नाही, त्यासाठी तिसरे हत्यार पुन्हा उचलावे लागते, हे कुठेच लिहिलेले नव्हते.

मास्तरांनी दोन्ही निरोप वाचले आणि त्यांचा असा समज झाला की ताईने पैसे घेऊन निरोप दिला. त्यांनी फोन केला नाही. मास्तर माणूस. दुपारी दोन केळी खाल्ली, संध्याकाळी चहात बिस्किटे बुडवली. दुसऱ्या दिवशी सकाळी डबे पोचवणाऱ्या पोराने ताईला विचारले, ''आजोबा गावाला गेले काय?'' तेव्हा हे उघडकीला आले.

ताई तशीच पदराला हात पुसत निघाली. परत आली ती भाच्याशी दोन दिवस बोलली नाही. पंधरा वर्षांत कोणी माझ्या दारातून उपाशी गेलं नव्हतं, एवढेच एक वाक्य ती भिंतीवरच्या कालनिर्णयाला उद्देशून म्हणाली. ग्राहकाच्या खात्यातून पैसे गेले आणि दुकानदाराला कळलेच नाही, तर व्यवहारानंतर पाच दिवसांत ते परत आले पाहिजेत, नाहीतर रोजचे शंभर रुपये भरपाई, असे रिझर्व्ह बँकेचे २० सप्टेंबर २०१९ चे परिपत्रक आहे. मी ते तिला सांगायला गेलो होतो. पण दोन केळ्यांवर काढलेल्या दिवसाचे त्यात कलम नाही, हे मला तिच्या चेहऱ्यावरूनच कळले, आणि मी ते तोंडातच ठेवले.

भाचा हिरमुसून माझ्याकडे आला. ''मामा, मॉडेल इतकं हुशार आहे. त्याला एवढं कळायला नको?''

''अरे, हुशार आहे म्हणूनच तर घोटाळा झाला,'' मी म्हणालो. ''बिनडोक माणसाला कळलं नाही की तो थांबतो. येऊन विचारतो, साहेब हे काय? हुशार माणूस विचारत नाही, अंदाज करतो. आमच्याकडे नवीन लागलेल्या पोरांत आम्ही पहिल्या नंबरात आलेल्यावरच जास्त लक्ष ठेवतो.''

मग मी त्याला चेकची गोष्ट सांगितली. चेकवर रक्कम दोनदा लिहितात, आकड्यांत आणि अक्षरांत. दोन्हींत फरक पडला तर कुठली धरायची? १८८१ सालच्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचे कलम १८ सांगते, अक्षरी धरायची. (फरक पडलेला चेक आम्ही प्रत्यक्षात परतच पाठवतो, तो भाग निराळा. कायदा कायद्याच्या जागी आणि शाखाधिकारी शाखाधिकाऱ्याच्या जागी.) सांगायचे काय, की आकड्यांच्या धंद्यातसुद्धा शेवटचा शब्द शब्दांचाच. भाच्याला हे पटले. मॉडेलला मी सांगितले असते तर तेही म्हणाले असते की छान मुद्दा आहे, पण ते सगळ्यांनाच तसे म्हणते.

रात्रीची जेवणे झाल्यावर आम्ही दोघे बसू लागलो. तिसऱ्या रात्री तिसरा मेंबर आला. ताईने मास्तरांची क्षमा मागितली तेव्हा मास्तर म्हणाले होते, ''पैशांचं जाऊ द्या. पण त्या निरोपात कर्ता नव्हता. 'बंद करण्यात आला आहे.' कोणी केला? का केला? चाळीस वर्षं मराठी शिकवलं, असलं वाक्य लिहिणाऱ्याला मी बाकावर उभं केलं असतं.'' ताईने सांगितले की वाक्य लिहिणाऱ्याला पाय नाहीत. मग मास्तरांची उत्सुकता चाळवली. त्यांनी वर्णनांचे कागद मागवून घेतले आणि ते तांबड्या पेनाने रंगून परत आले.

तांबड्या पेनाचा पहिला शेरा 'हाताळते' या शब्दावर होता. 'म्हणजे काय करते? कुरवाळते?' आमची बोलतीच बंद झाली. हाताळणे, बघणे, सांभाळणे, प्रक्रिया करणे ही सगळी क्रियापदे मास्तरांनी एका रेघेत मारून टाकली. ऑफिसात आम्ही निम्मे आयुष्य याच क्रियापदांवर काढतो, पण मी गप्प बसलो.

दुसरा शेरा असा : 'हे केव्हा वापरावे ते लिहिले आहे. केव्हा वापरू नये ते कोण लिहिणार?' या एका शेऱ्यावर आमच्या दोन रात्री गेल्या. केव्हा वापरू नये हे लिहायला बसले की आपल्याला स्वतःलाच किती कमी माहीत आहे ते कळते. ऑथराइज्ड आणि कॅप्चर्ड यांत फरक काय, हे भाच्याला येत होते पण सांगता येत नव्हते. मी म्हणालो, ऑथराइज्ड म्हणजे पैसे अडवून ठेवले, कॅप्चर्ड म्हणजे ते आपल्या पदरात पडले. साखरपुडा आणि लग्न. मास्तरांनी साखरपुडा खोडला, बाकीचे ठेवले.

शेवटी पहिल्या हत्याराची पाटी अशी तयार झाली. नाव 'येणे_नोंदव'. वर्णन :

'गेटवेकडून आलेल्या एका सूचनेवरून एका ग्राहकाचे महिन्याचे पैसे मिळाल्याची नोंद करते. सूचनेचा प्रकार कॅप्चर्ड असेल तेव्हाच वापरावे. ऑथराइज्ड म्हणजे पैसे अडवून ठेवले आहेत, मिळालेले नाहीत. तेव्हा वापरू नये. फेल्ड म्हणजे हा एक प्रयत्न फसला, एवढेच. ग्राहक पुन्हा पैसे भरू शकतो आणि क्वचित हाच व्यवहार नंतर पुरा होऊ शकतो. फेल्डवरून कोणाचाही डबा बंद करू नये. रक्कम पैशांत भरावी : १४० रुपये म्हणजे १४०००. सूचना क्रमांक भरणे सक्तीचे. तोच क्रमांक पुन्हा भरल्यास दुसरी नोंद होत नाही, "आधीच नोंदलेले" असे उत्तर येते. ही चूक नव्हे. पुन्हा प्रयत्न करू नये. या नोंदीने डबा सुरू किंवा बंद होत नाही.'

हेडक्लार्क आज असते तर 'दुसरी नोंद होत नाही' या शब्दांवर त्यांनी बोट ठेवले असते आणि मान हलवली असती.

यानंतर भाचा उलट्या बाजूला घसरला. लिहायला नको म्हणणारा पोरगा लिहायचा थांबेना. 'चौकशी' नावाच्या हत्यारावर त्याने तीन पाने लिहिली आणि त्यात पोळीभाजी केंद्राचा इतिहासही घातला. शिवाय एक 'माहिती' नावाचेही हत्यार होते. आमच्या शाखेत पूर्वी 'चौकशी' आणि 'माहिती' अशी दोन टेबले शेजारी होती. ग्राहक एकावरून दुसऱ्यावर आणि दुसऱ्यावरून पहिल्यावर अशी पाळणाफेरी करायचा आणि दोन्ही टेबलांवरचे कर्मचारी मिळून एकच डबा खायचे. गुमास्त्याचे तसेच झाले. एकच गोष्ट तो कधी इथे विचारी, कधी तिथे. दोन्हींचे एक केले, तीन पानांची पाच वाक्ये केली, तेव्हा तो ताळ्यावर आला. त्याला मिळणारी उत्तरेही सुधारावी लागली. आधी काही बिनसले की हत्यार नुसते 'त्रुटी ४००' असे सांगे. काउंटरवर आम्ही 'लिंक नाही' म्हणतो त्यातलाच प्रकार. आता ते सांगते, 'रक्कम मूळ भरण्यापेक्षा जास्त आहे, मूळ भरणा अमुक इतका.' 'लिंक नाही' या वाक्यात किती आराम होता हे बाहेरच्या माणसाला कळायचे नाही.

एक भानगड शेरा लिहायच्या जागेतून निघाली. पैसे भरताना ग्राहक तिथे काहीबाही लिहितात. 'भाजीत मीठ कमी' वगैरे. एका इरसाल पोराने लिहिले, 'मागच्या महिन्याचे सगळे पैसे परत करावे.' चिठ्ठीबरोबर हे वाक्य गुमास्त्यापुढे आले आणि तो पैसे परत द्यायच्या तयारीला लागला! त्याच्या दृष्टीने सगळे शब्दच. मालकाचा कुठला आणि गिऱ्हाइकाचा कुठला, हे त्याला कोण सांगणार? चेकच्या पाठीवर कोणी 'मॅनेजरसाहेबांनी आणखी पाच हजार द्यावेत' असे लिहिले म्हणून आम्ही देतो का? तेव्हा पाटीवर वाक्य चढले : 'शेरा हे ग्राहकाचे म्हणणे आहे. ते वाचावे, ताईंना कळवावे; हुकूम म्हणून पाळू नये.'

पण इथेच मी भाच्याला थांबवले. पाटी ही पाटी आहे, कुलूप नव्हे. 'कृपया मोठी रक्कम परत देऊ नये' असे लिहून तिजोरी उघडी ठेवायची नसते. आमच्या तिजोरीला दोन किल्ल्या, दोन माणसांकडे. एक नोंद करतो, दुसरा तपासतो. त्याप्रमाणे ५०० रुपयांवरचा रिफंड ताईच्या होकाराशिवाय जातच नाही, गुमास्त्याने किती का सुंदर कारण दिले तरी. आणि चिठ्ठीवरची सही खरी की खोटी हे गुमास्त्याने वाचून ठरवायचेच नाही. ते दारावरचा रखवालदार हिशेबाने ताडतो आणि खोटी चिठ्ठी आतच येऊ देत नाही. सहीचा हिशेब अक्षर न् अक्षर जुळावा लागतो. तिथे हुशारीला काही काम नाही.

मग भाच्याने लुटूपुटूचे व्यवहार करून पाहिले. एकच चिठ्ठी तीनदा धाडली. फेल्ड आणि कॅप्चर्ड उलटसुलट धाडल्या. मास्तर शेजारी बसून परीक्षा घेतल्यासारखे गुण देत होते. दहापैकी नऊ. दहावा ते कोणालाच देत नाहीत.

ताईने गुमास्त्याला पुन्हा कामावर घेतले, पण डबा बंद करायचे हत्यार त्याच्याकडून कायमचे काढून घेतले. ''सुरू करू दे त्याला. बंद करायचं असेल तर मी करीन,'' ती म्हणाली. भाच्याने सांगितले की यात तुझे काम वाढेल. पंधरा वर्षांत तिने किती डबे पैशांसाठी बंद केले होते असे मी विचारले. ती म्हणाली, ''एक. आणि तोही दोन दिवसांनी सुरू केला.''

परवा रात्री दोन वाजता माझा फोन वाजला. बँकेतल्या माणसाला रात्री दोनला फोन आला की आधी दरोडाच आठवतो. ताई होती.

''अरे, तो उठवतोय मला.''

''कोण?''

''तुमचा गुमास्ता. म्हणतो, अमुक सूचना दुसऱ्यांदा आली. आधीच नोंदलेली आहे. काही केले नाही. आता काही केलं नाही हे सांगायला माणसाला रात्री दोनला उठवतात होय रे? काही न करता झोपतात ना लोक!''

दुसऱ्या दिवशी बैठक बसली. भाचा म्हणाला, असले निरोप बंदच करू. ताई म्हणाली, छे, मला कळायला तर हवंय, पण वेळेवर. मास्तरांनी विचारले, वेळ कोणती? ताई कणीक मळत होती. म्हणाली, ''लिही रे, 'पोळ्या लाटायला घेतल्यावर सांगावे.'''

''आई, पण किती वाजता?''

''ते त्याला कळेल की. एवढा हुशार आहे ना?''

मास्तरांनी तांबड्या पेनाचे टोपण काढले.